तिसऱ्या मजल्यावरचं धुणं

संयोजकांनी पोस्टरवरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बोट ठेवलं.

“हे वाळत घातलेले कपडे काढा.”

“का?”

“प्रदर्शन वास्तुकलेचं आहे. इमारत दिसू दे. लोकांचं धुणं कशाला?”

डिझायनरची कानशिलं तापली. पोस्टरवरच्या त्या जुन्या वसाहतीवरूनच तिने प्रदर्शनाचं सगळं रूप बेतलं होतं. सज्ज्यांच्या चौकटींचं बोधचिन्ह, कठड्याच्या गजांसारखी उभी, सडपातळ अक्षरं आणि मुख्य पोस्टरवर तिनेच काढलेला फोटो. एकसारख्या रिकाम्या सज्ज्यांच्या रांगा आणि मधल्या एकाच सज्ज्यात धुणं. त्यानेच तर फोटोत जीव आला होता.

“घरं राहायलाच बांधली होती ना?”

“तसं नाही हो. पण जरा स्वच्छ करा.”

‘स्वच्छ’ तिला झोंबलं. नुकत्याच धुतलेल्या कपड्यांना हा माणूस घाण म्हणत होता. पोस्टर गुंडाळून ती तडक उठली. रहिवाशांनाच पुढे करायचं. मग बघू हे काय बोलतात.

वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर साठीतल्या एका बाईंनी दार उघडलं. ओले हात पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डिझायनरने पोस्टर जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

बाईंनी चष्मा लावला. त्या फोटोवर वाकल्या.

“हा माझा परकर आहे,” त्या म्हणाल्या. “आणि ही ह्यांची फाटकी बनियन. हे गावभर लावणार?”

“मावशी, संयोजक हे काढायला सांगतायत. मी तुमच्याच बाजूने भांडतेय.”

“माझ्या बाजूने?” बाईंचा आवाज चढला नाही, पण हात टेबलावर घट्ट टेकले. “त्यांना ते घाण वाटलं, तुला छान वाटलं. मला कुणी विचारलं?”

डिझायनरने पोस्टर उचललं. घाईघाईने गुंडाळताना त्याचा कोपरा दुमडला. दारापर्यंत पोचवायला बाई आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवा फोटो पाहून संयोजक खुलले. सगळे सज्जे रिकामे होते.

“पटलं ना शेवटी?”

“नाही. ज्यांचे कपडे होते त्यांनी काढायला सांगितले.”

“त्यांचा काय संबंध?”

कालचा संताप पुन्हा वर आला, पण आज तो नेमका कुणावर काढावा, हे तिला ठरवता येईना. तिने लॅपटॉप मिटला.

“उद्घाटनाला कुणाकुणाला बोलावलंय?”

संयोजक बोटांवर मोजत सांगू लागले. मंत्री, दोन वास्तुविशारद, महाविद्यालयाचे प्राचार्य, वर्तमानपत्रवाले, देणगीदार. सांगून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

वसाहतीतलं एखादं नाव अजून यायचं असल्यासारखी ती बसून होती.

“झालं,” ते म्हणाले. “एवढेच.”