चालणारा काटा

"हात आखडू नकोस गं," गावचा म्हातारा वैदू म्बाह परतो दातात दोरा धरून म्हणाला, "काट्याला तेवढीच वाट सोपी होते."

जुमिनाने उजवा हात पुढे केला. सालक या ताडासारख्या फळझाडाचा काटा अंगठ्यात शिरून मोडला होता. सालकच्या बागेत काटा लागणं म्हणजे कचेरीत शाई लागणं. त्यावर कोणी चर्चा करत नाही. केळीचा चीक चोळायचा आणि फळ धरावं म्हणून नरफुलांचा घोस मादीफुलावर झटकायला पुढच्या झाडाखाली वाकायचं. फूल जेमतेम दोन-तीन दिवस वाट बघतं. जुमिनाच्या हातचं फूल सहसा वाया जात नसे.

या वेळी मात्र अंगठा टम्म फुगला आणि तांबडी रेघ मनगटाकडे निघाली. म्बाहच्या मते काटा चालत होता. चालणाऱ्याची वाट बांधायची असते. त्याने मनगटावर काळा दोरा करकचून बांधला.

सकाळी रेघ दोऱ्याच्या पुढे होती.

"सैल राहिला असेल," म्बाह म्हणाला आणि कोपराखाली दुसरा आवळला.

"हट्टी आहे काटा," नवरा कासदी हसला. "मालकिणीवर गेलाय."

जुमिनाही हसली. हसताना दात वाजले. भर दुपारी ती सारोंग गुंडाळून कुडकुडत होती.

"अहो, दवाखान्यात जाऊ या का?"

"जाऊ की. एवढा बहर उरकू दे. तुझ्यासारखं फूल कोणाला झटकता येतं?"

साऱ्या संसारात कासदीने बायकोची केलेली ही पहिली स्तुती. जुमिना उठली आणि बागेत गेली.

तिसरा दोरा दंडावर चढला तेव्हा बोटं काळीनिळी पडली होती, अंगठ्याला वास येत होता आणि जुमिना कासदीला आपल्या मेलेल्या बापाच्या नावाने हाक मारत होती. मग मात्र त्याने शेजाऱ्याची मोटारसायकल मागितली.

दवाखान्यातल्या नर्सने आधी दोरे कापले.

"हे कशाला?"

"काटा अडवायला," कासदी छताकडे बघत म्हणाला.

"काटा जागचा हलला नाही, काका. त्याच्याबरोबर गेलेली घाण चढत होती. दोऱ्यांनी अडलं ते फक्त रक्त."

सलाइन चढल्यावर जुमिना शुद्धीवर आली. डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा काढावा लागेल. नशीब असेल तर बाकीचा हात राहील.

 

 जुमिनाने धडधाकट डाव्या हाताचा अंगठा तळव्यात दुमडला, उरलेल्या बोटांत चादरीचा कोपरा धरला आणि घोसासारखा झटकला. तो निसटला. तिने पुन्हा धरला.