लेकराच्या तोंडचा कौल

गंजाडजवळच्या एका पाड्यामागची टेकडी खडीसाठी फोडायची की नाही, यावरून सगळ्या पाड्यात उभी फूट पडली होती. टेकडीवर वाघदेवाचा दगड, खाली पुतळीचं शेत आणि झरा. टेकडी गेली की झरा गेला, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. शेवटी तीच म्हणाली, "देवाचा कौल घ्या. लेकरू बोलंल ते मान्य."

त्या पाड्याची रीतच तशी. मोठ्यांचं जमेना, तर नीट बोलणारं सर्वांत लहान लेकरू देवापुढे बसवायचं. त्याला आधी कुणी पढवायचं नाही. त्याच्या तोंडून येईल तो देवाचा शब्द. यंदा ते लेकरू म्हणजे पुतळीचीच पोर क्रांती, अंगणवाडीतली. पुतळी इतकी सरळ, की घरात टेकडीचं नावसुद्धा काढेना. असल्या सरळपणाची आजकाल कीवच येते.

कौलाच्या आदल्या संध्याकाळी खाणवाल्यांचा माणूस चिमण एका राजकीय पक्षाची, प्रचाराचा सिनेमा दाखवायची पडदेवाली गाडी घेऊन आला. झेंडा काढला होता, दांडा तसाच होता. "पोरांचा सिनेमा आहे, पुतळीबाय. यात कसलं आलंय राजकारण?" म्हणाला. फुकट ते पौष्टिक. पुतळीने पोरीला मांडीवर घेऊन अख्खा सिनेमा दाखवला. डोंगरावर एक म्हातारा वाघ. तो हटेना म्हणून रस्ता होईना, रस्ता नाही म्हणून डॉक्टर येईना, आणि आजारी ससा मरायला टेकलेला. मग सगळ्या जनावरांनी मिळून वाघाला हाकललं, डोंगर फोडला, ससा बरा झाला. क्रांती सशासाठी रडली, मग टाळ्या पिटत नाचली. पुतळीनेही डोळे पुसले.

सकाळी लाहू भगताने क्रांतीला देवापुढे बसवून विचारलं, "टेकडी ठेवू का फोडू, बाय?"

"फोडा. वाघाला हाकला, नायतर ससा मरल."

"ती सिनेमातलं बोलते," पुतळी म्हणाली. "पढवलीय तिला."

"कोणी पढवली?" चिमणने शांतपणे विचारलं. "मांडीवर घेऊन तूच बसलेलीस ना? आणि कौल पण तूच मागितलास."

देवाचा शब्द फिरवायचा कुणी? पुतळीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण स्वतःचं तोंड तिने स्वतःच बांधून घेतलं होतं.

कौल दिलेल्या लेकराच्या सगळे पाया पडतात. चिमण सर्वांत आधी पडला, अगदी साळसूदपणे. मग एकेक करून सगळा पाडा. शेवटी पुतळीलाही वाकावं लागलं. धुळीने माखलेली ती पावलं तिने दोन्ही हातांनी धरली. क्रांती तिच्या कानाशी वाकली.

"आये, मी नीट बोलली ना?"