शोळिंगनल्लूरच्या अलीकडे, चार वेळा

अकरा दिवसांत मी चार वेळा बंद पडले. चारही वेळा टाकीत पेट्रोल होते आणि चारही वेळा जागा जवळपास तीच होती: चेन्नईतला शोळिंगनल्लूरचा चौक येण्याच्या थोडे अलीकडे. नवीन नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजात मात्र मी एकदाही बंद पडले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी मोपेड आहे. बारा वर्षांपूर्वी कारखान्यात मला जोडले, रंगवले, तपासले आणि कागदावर शिक्का मारला. नऊ वर्षांपूर्वी राणोजीने मला वापरलेली म्हणून विकत घेतले. तेव्हापासून आम्ही दोघे चेन्नईत पार्सले पोचवतो. एका डिसेंबरात गुडघाभर पाण्यातून मी औषधे नेली, तेव्हा दारात वाट पाहणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्या सीटवर थाप मारली होती. ती माझी एकमेव जाहीर स्तुती. पुढे माझ्या देखभालीच्या तारखा लांबत गेल्या. आरसा फुटला, तो तसाच राहिला. तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून सांगते.

राणोजी तंजावरकडच्या मराठी घरातला. वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची आई अन्नपूर्णाबाई, एवढीच माणसे. काचबिंदूने बाईंची नजर बरीच गेली आहे आणि हातही कापतो. दुपारी एक वाजता राणोजी घरी येऊन त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालतो. या धंद्यात ही एक सवड त्याला आहे.

मी पहिल्यांदा थांबले तेव्हा तो नुसता वैतागला. वीस मिनिटांनी, काहीही दुरुस्त न करता, मी एका किकमध्ये सुरू झाले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा तो घाबरला. तिसऱ्या वेळी त्याच्या फोनवर पार्सल कंपनीची सूचना आली: आणखी एक उशीर झाल्यास आपले काम बंद करण्यात येईल. त्यानंतर तो माझा आवाज ऐकत गाडी चालवू लागला. रस्त्यावरच्या खड्ड्याने माझा सूर जरा बदलला तरी त्याची मूठ आवळली जाई. मुठीचा घाम मला रबरातूनही कळतो.

त्याच आठवड्यात त्याच्या मामेभावाचा, जयतीर्थचा, निरोप आला. शहराबाहेर दूर, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात कायमची जागा होती. होकार किंवा नकार शुक्रवारपर्यंत कळवायचा. म्हणजे पहाटे पाचला घर सोडायचे, रात्री आठला परतायचे. रस्ता नाही, घड्याळाशी शर्यत नाही. एक वाजताचे थेंबही नाहीत.

"जा रे तिकडे," अन्नपूर्णाबाई दारात बसून म्हणाल्या. "यंत्रासही जीव असतो. तुझ्या गाडीस पुढे जायचे नाही, म्हणून ती सांगते आहे."

"अम्मा, गाडी सांगत नसते."

"मग दरवेळी त्याच जागी कशी थांबते? सांग की!"

माझ्या पोटात काय चालते ते मलाही दिसत नाही. टाकी भरलेली असूनही इंजिनापर्यंत थेंब पोचत नाही, एवढेच मला जाणवत होते. नवीनने दोनदा प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला आणि हात पुसत म्हणाला, "अण्णा, हिला काही झालेले नाही. तुमची भीती मात्र तपासून घ्या."

आता दोन निरीक्षणे सांगते. शोळिंगनल्लूरची फेरी आम्हाला अकरापैकी चारच दिवस मिळाली. बाकीच्या दिवशी जवळची, तुटक कामे होती आणि तेव्हा मी थांबले नाही. शिवाय नवीन मला तपासताना सर्वात आधी टाकीचे झाकण उघडून पेट्रोल पाहत असे. ही दोन्ही निरीक्षणे पहिल्या दिवसापासून सर्वांसमोर होती. ती कुणी एकमेकांशेजारी ठेवून पाहिली नाहीत.

गुरुवारी सकाळी मी चौथ्यांदा थांबले. पार्सलाला सतरा मिनिटे उरली होती. राणोजीने नवीनला फोन लावला.

"किक मारू नका," नवीन म्हणाला. "माझ्याकडे मी आधी झाकणच उघडतो, म्हणून तिथे ती थांबत नसेल. झाकणाला कान लावा आणि सावकाश उघडा."

झाकण फिरले. सुस्कारा टाकावा तसा आवाज करत हवा आत शिरली. दोन किकमध्ये मी सुरू झाले.

"आता झाकणाच्या वरच्या बाजूला पाहा. बारीक छिद्र दिसते का?"

"छिद्र नाही. चंदन आहे."

पलीकडे नवीन मोठ्याने हसला. पार्सल चार मिनिटे राखून पोचले.

एक वाजता आईच्या डोळ्यांत थेंब घालून झाल्यावर राणोजीने सगळे सांगितले.

"म्हणजे गाडीचे नाक मीच दाबले?"

"हो, अम्मा."

"आणि वर मीच म्हणत होते, तिला जायचे नाही!" बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. "उद्या जयतीर्थास काय सांगशील? माझ्या थेंबांचे निमित्त नको हं. थेंब शेजारची श्रीदेवी घालील."

राणोजीने थेंबांच्या बाटलीचे झाकण लावले. "मला रस्त्याची भीती वाटते, अम्मा. अजूनही वाटते. गाडी थांबली की वाटायचे, माझ्या वतीने तिनेच ठरवले. आता ती सोय राहिली नाही." मग तो म्हणाला, "नकार कळवणार आहे. एक वाजता मला घरी यायचे आहे. निमित्त नव्हे ते."

कंपनीची सूचना अजून फोनवर आहे. त्याची मूठ अजून ओली असते.

मित्रांनो, जुने यंत्र थांबले तर त्याची इच्छा विचारू नका. त्याचे झाकण उघडून पाहा, आणि पूजा कराल तेव्हा श्वासाची जागा मोकळी ठेवा. माझ्या थांबण्याचे कारण असे. त्या अकरा दिवसांच्या तोंडावर, आयुधपूजेच्या म्हणजे अवजारे-वाहनांच्या पूजेच्या दिवशी, माझ्या चाकांखाली लिंबे ठेवली होती. अन्नपूर्णाबाईंनी माझे कपाळ हाताने चाचपडत शोधले. सर्वात उंच, गोल जागा टाकीच्या झाकणाची लागली. मुलगा रोज सुखरूप परतावा म्हणून त्यांनी तिथे अंगठाभर चंदन लावले. ते छिद्रात वाळले. पेट्रोल खर्च होई तशी आत हवा शिरेना, आणि अठरा किलोमीटरनंतर, नेमके शोळिंगनल्लूरच्या अलीकडे, टाकीतून थेंब खाली उतरेना; थोडा वेळ उभी राहिले की झाकणाच्या कडेने हवा हळूहळू झिरपे.