गप्प बसायची अट

त्या दिवशी राविरीला एकच काम नीट करायचं होतं, ते म्हणजे गप्प बसायचं. आणि नेमकं तेवढंच त्याला जन्मात कधी जमलं नव्हतं.

अट घातली होती त्याच्या लेकीने, मेरेआनाने. तीही न्याहारीच्या टेबलावर, आईच्या देखत.

"पापा, आज तू बोटीवर यायचंस. नदीच्या वरच्या टोकाला गेल्यावर सहलीच्या पाहुण्यांना जंगलातून फिरवून आणायचं काम तुझं. पण मी चाकावर असताना बोट कशी चालवायची याबद्दल एक चकार शब्द काढायचा नाही. काढलास की उद्यापासून घरी. मग परत कधी विचारणार नाही मी."

"आणि वायरलेसवरून बोललो तर?"

"वायरलेस आईने कपाटात कुलूप लावून ठेवलाय."

राविरीने बायकोकडे पाहिलं. लोर्ना तव्यावरचं माशांचं ऑम्लेट उलटण्यात फार म्हणजे फारच गुंतलेली होती. इवलेसे काचेसारखे मासे अंड्यात टाकून ती ते करायची, आणि त्याला एरवी इतकं लक्ष द्यावं लागत नसे. कट शिजलाय हे त्याला कळलं.

पण पोरीचंही काही चुकलं नव्हतं हो. बटाट्याच्या वाफ्यात राविरी दोनदा चक्कर येऊन पडला, डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याचा बोटीचा परवाना गेला आणि चाक मेरेआनाच्या हातात आलं. तेव्हापासून या गृहस्थाचा एकच उद्योग. घरामागच्या टेकाडावर दुर्बीण घेऊन उभं राहायचं आणि वायरलेसवर सुरू व्हायचं. "मेरे, डावीकडून घे." "मेरे, एवढी दामटतेस कशाला?" "मेरे, ऐकतेस ना गं?" बोटीतले पाहुणे सगळं ऐकत. एकाने तर घाबरून विचारलं होतं की पोलीस मागे लागलेत का. मेरेआना नुसती लाल झाली होती.

तेवढ्यात जंगल दाखवणारी बाई लग्न करून नेल्सनला निघून गेली आणि जागा रिकामी झाली. मेरेआनाने आईला विचारलं, आईने मान डोलावली. राविरीने नाक मुरडून बघितलं. "मी बोटीचा माणूस. झाडं जागची हलत नाहीत, त्यांत दाखवायचं काय?" पण आतून त्याला जायचंच होतं. टेकाडावरून नदी दिसते, पण नदीचा वास येत नाही. पाणी अंगावर उडत नाही. परवाना गेल्यापासूनचे तीन महिने त्याने कसे काढले होते ते त्याचं त्यालाच माहीत.

धक्क्यावर पाहुणे लाल जाकिटं चढवून उभे होते. निघण्याआधी वाइपुना नदीला दोन शब्द म्हणायची या घराची रीत, आणि ते म्हणायचे चाकावरच्या माणसाने. राविरीने सवयीने टोपी काढली, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. मेरेआनाने नुसतं बघितलं. त्याने तोंड मिटलं. मग तिने प्रार्थना म्हटली, साध्या आवाजात, एकही शब्द न अडखळता. "ठीक आहे," असं त्याला म्हणायचं होतं. इकडच्या माणसाच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नसते. पण बोलायची सोय नव्हती.

तो तिच्या शेजारच्या सीटवर बसला. एवढी वर्षं ती तिथे बसायची, चाकावर तो. मागच्या रांगेत टिमारूहून आलेली ग्लेनिस नावाची म्हातारी होती. गुडघा दुखरा, जीभ ठणठणीत.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"मी जंगलवाला," राविरी म्हणाला. ते शब्द उच्चारताना त्याला कडू औषध घेतल्यासारखं झालं.

इंजिन गरजलं आणि बोलणं संपलं. जेट बोटीत तसंही बोलणं ऐकू येत नाही. खालचं पाणी ओढायचं आणि मागून फवाऱ्यासारखं फेकायचं, की बोट घोटाभर पाण्यावरूनही सरसर निघते. पण जोर कमी केला की तीच बोट पाण्यात बसते, आणि वळायची म्हटली तर वळत नाही. उथळ जागा दिसली की शहाणा माणूस वेग कमी करतो. इथे तसं केलं तर खडीवर जाऊन बसतो. म्हणून जे काय ठरवायचं ते आधी, लांबूनच ठरवावं लागतं.

या घरात ते हनुवटीने ठरत आलं होतं. मेरेआना चौथीत असल्यापासून शाळा सुटली की बोटीत, बापाच्या शेजारी. ओरडून उपयोग नाही, हात चाकावर अडकलेले. मग राविरी हनुवटी जराशी उचलायचा, ज्या बाजूने जायचं त्या बाजूला, आणि पोरगी नदीकडे बघत बसायची, त्याने तिकडे का दाखवलं ते शोधत. तशी ती नदी शिकली. घरीसुद्धा मीठ कुठे आहे विचारलं तर दोघं हनुवटीने दाखवत, आणि लोर्ना चिडायची.

वर जाताना राविरी दोन्ही जबडे घट्ट दाबून बसला. पहिल्या वळणावर मेरेआनाने वेग चढवला, त्याचा उजवा पाय आपोआप फळीवर दाबला गेला. दुसऱ्या वळणावर ती खडकाला इतकी लगटून गेली की ग्लेनिस किंचाळली. मीही असाच गेलो असतो, त्याला वाटलं. नाही, मी जरा लांबून गेलो असतो. हल्लीच्या पोरांना घाई. पण गेली मात्र झकास. बर्फाच्या डोंगरांवर ऊन पडलं होतं, कडेच्या राता झाडांना लालभडक फुलं आली होती, आणि पाणी तोंडावर सपासप उडत होतं. राविरीला इतकं बरं वाटलं की त्याने मागे वळून ग्लेनिसला उगाचच डोळा मारला.

वरच्या वाळूवर बोट लागली आणि तो पाहुण्यांना घेऊन जंगलात शिरला. आता तिथे काय झालं ते सांगायला हवं, कारण असा फेरा त्या जंगलाने कधी पाहिला नसेल.

एक तर तो बोटीच्या वेगाने चालला. नेच्यांच्या झाडांखालून, शेवाळलेल्या ओंडक्यांवरून, तरातरा. मागून ग्लेनिस ओरडली, "अहो जंगलवाले! आग लागलीय का कुठे?"

तो थांबला. सगळे धापा टाकत होते. एक पीवाकावाका, आपली शेपटी पंख्यासारखी पसरणारा छोटासा पक्षी, त्यांच्या भोवती नाचत होता.

"हा आपल्यावर खूष दिसतो," एकजण म्हणाला.

"आपल्या पायांनी चिलटं उडतात, ती खातो," राविरी म्हणाला. "आपण गेलो काय, राहिलो काय, त्याला घेणंदेणं नाही."

"आणि हे झाड कोणतं?" ग्लेनिसने विचारलं.

राविरीने वर बघितलं. झाड उंच होतं आणि हिरवं होतं. एवढं त्याला नक्की सांगता आलं असतं. "हे... आमच्या धक्क्याचा खांब याच्याच लाकडाचा आहे. सोळा पूर आले, हलला नाही."

"आणि ते?"

"पूर्वी त्याच्या लाकडाच्या लोण्यासाठी पेट्या करायचे. वास लागत नाही लोण्याला."

"तुम्हाला मेलेलीच झाडं ओळखता येतात का हो?"

लोक हसले. राविरीही हसला. त्याला स्वतःचंच नवल वाटलं. मग त्याने झाडांचा नाद सोडला आणि पुरात नदी या जंगलातून कशी शिरली होती, ते सांगायला घेतलं. या फांदीवर त्याची पहिली बोट अडकली होती. त्या ओंडक्यावर त्याने आणि लोर्नाने रात्र काढली, तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं, आणि सकाळी शोधायला आला तो लोर्नाचा बाप. "पूर मला जड नव्हता गेला," राविरी म्हणाला, "पण तो म्हातारा!" लोक चिलटं मारायची विसरून ऐकत होते. परत वाळूवर आले तेव्हा मेरेआना चहा ओतत होती. तिने नुसत्या भुवया उचलल्या. कसं झालं? त्यानेही उचलल्या. ठीक आहे.

तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघून राविरीच्या मनात आलं, उद्याही येऊ. रोजच येऊ. आता एवढा खाली जायचा प्रवास तोंड मिटून काढला की झालं.

आणि घात तिथेच झाला.

खालच्या अंगाला नदी फुटते. मधे खडीचं बेट आणि दोन्ही बाजूंनी प्रवाह. राविरी बोट हाकायला लागला तेव्हापासून जायचं ते उजवीकडून. वर येताना मेरेआना कुठून आली, ते ग्लेनिसला डोळा मारायच्या नादात त्याने पाहिलंच नव्हतं. लांबून बेट दिसलं, मेरेआनाचे हात चाकावर किंचित डावीकडे फिरले, आणि राविरी चपापला. डावीकडून? तो बोलला नाही. शपथेवर सांगतो, एक अक्षर बोलला नाही. पण त्याची हनुवटी उचलली गेली. उजवीकडे.

मेरेआनाने ती डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली आणि चाक उजवीकडे फिरवलं.

परवाच्या पुराने उजवा प्रवाह खडीने भरून टाकला होता. टेकाडावरच्या दुर्बिणीतून वरचं चमकतं पाणी तेवढं दिसतं, तळ दिसत नाही. बोटीखाली खर्रकन आवाज झाला, सगळे पुढच्या दांडीवर आदळले आणि बोट खडीवर चढून गप्प झाली. मेरेआनाने इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की पाण्याचा खळखळाट ऐकू यायला लागला.

"कोणाला लागलं का?" तिने आधी विचारलं. कोणाला लागलं नव्हतं. मग ती उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "माझी चूक. वाट चुकीची निवडली. आता सगळ्यांनी उतरून ढकलायचंय. पाणी बर्फाचं आहे, शिव्या दिल्या तरी चालतील."

लोक हसत उतरले. राविरीही उतरून बोटीला खांदा लावायला निघाला.

"पापा, तू नाही. तू काठावर दोर धर."

"अगं पण..."

"दोर."

बोटीवरच्या आयुष्यात राविरीने कधी दोर धरला नव्हता. दोर म्हातारे धरतात. तो गुपचूप दोर धरून उभा राहिला, आणि शेजारी कोण, तर दुखऱ्या गुडघ्याची ग्लेनिस, दोराचं दुसरं टोक धरून.

"मी पाहिलं बरं का," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"तुमची हनुवटी. माझा नवरा गाडीत असंच करायचा. एकदा मी ऐकलं आणि आम्ही थेट कोणाच्या तरी मेंढ्यांत."

राविरीला हसू आलं नाही. समोर त्याची पोरगी गुडघाभर गार पाण्यात उभी राहून परक्या लोकांना "हं, आता!" म्हणत होती, आणि त्याच्या चुकीला सगळ्यांसमोर माझी म्हणून मोकळी झाली होती. चाकावर जो असेल त्याची चूक, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. लाज वाटून त्याचे कान तापले.

बोट सुटली. मेरेआनाने सगळ्यांना चढवलं, बोट मागे घेतली आणि डावीकडून काढली. खोल, हिरवं, सरळ पाणी. लोणी कापावं तशी बोट गेली. राविरी मान खाली घालून बसला, हनुवटी पार छातीला टेकवून.

पाहुणे गेले. ग्लेनिस जाताना त्याचा हात दाबून गेली. धक्क्यावर दोघंच उरले तेव्हा राविरीने लाल जाकीट काढलं आणि घडी करून तिच्यापुढे धरलं.

"घे. उद्यापासून मी येत नाही. अट मोडली मी."

"बोललास कुठे तू?"

"मेरे, वकिली करू नकोस. तुला ठाऊक आहे."

ती दोराचं वेटोळं घालत होती. घालून झालं, तरी हातातच धरून राहिली.

"ठाऊक आहे ना. डावीकडचं पाणी मी वर जातानाच बघून ठेवलं होतं, पापा. पक्कं दिसत होतं मला. तरी वळले. तू सांगितलंस म्हणून वळले." तिने वेटोळं खुंटीवर टाकलं. "आणि तू घरी असतोस तेव्हाही मी तेच करते. प्रत्येक वळणाला शेजारी बघते. सीट रिकामी असते, तरी बघते. पापा काय म्हणाला असता? तू वायरलेसवर ओरडायचास, त्याचा राग तर यायचाच, पण आवाज आला नाही की चाक फिरवायला मन धजायचं नाही माझं."

राविरीने पुढे केलेलं जाकीट छातीशी ओढून घेतलं.

"तू शेजारी बसायला हवास," ती म्हणाली. "तू उजवीकडे दाखवायला हवंस आणि मी डावीकडे जायला हवं. हे मला शिकायचंय. रिकाम्या सीटकडून कसं शिकू सांग?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो लपवायच्या भानगडीत पडला नाही. नाक ओढून, घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे रोज येऊन मी तुला चुकीचं सांगायचं?"

"त्यासाठी तुला वेगळी मेहनत लागणार नाही," मेरेआना म्हणाली.

राविरी इतक्या जोरात हसला की टेकाडावर लोर्ना दुर्बीण घेऊन बाहेर आली. मेरेआनाने घडी केलेलं जाकीट झटकून बापाच्या अंगात चढवलं. चेन मधेच अडकली. ती सोडवायला तो वाकला, तर तिने त्याचे हात बाजूला केले आणि स्वतःच गळ्यापर्यंत ओढून लावली.