गुरुजींच्या हातावर दही

पितळेचा गिलास हातातून निसटला, भुईवर आपटला अन् टणटणत थेट चुलीपाशी जाऊन थांबला. दुपारची वेळ, सारं घर गप्प होतं. रुखमा सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिचं सूप तसंच अधांतरी राहिलं.

"लागलं काय वं?"

शेवंता, सात वर्षांची पोर, सांडलेलं पाणी पाहत उभी राहिली. डावा हात तिनं पाठीमागं दडवला होता.

रुखमानं सूप खाली ठेवलं. पोर जन्माची डावखुरी. अंगावर प्यायची तेव्हा डाव्याच मुठीत मायचा पदर घट्ट धरून ठेवायची. झोपली तरी मूठ सुटायची नाही, एकेक बोट उकलून पदर सोडवून घ्यावा लागायचा. चिंचा पाडायच्या तर डाव्या हातानं, पाटीवर चिमणी काढायची तर डाव्या हातानं. अन् आता हीच पोर स्वतःच्या घरात, मायसमोर, तो हात लपवून उजव्यानं पाणी प्यायला लागली होती. त्या हाताला सवय कुठली? गिलास पडणारच.

"इकडे ये." रुखमानं तिला मांडीवर ओढलं अन् पाठीमागचा हात पुढं घेतला. मधलं बोट पेरापाशी वाकडं होऊन राहिलं होतं. भात कालवताना तेवढं एक बोट घासाबाहेर राही. रुखमानं त्या बोटाचा मुका घेतला. घेताना तिचे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले होते.

हे उन्हाळ्याच्या सुटीआधीचं. उमरबोडीच्या शाळेत भोजराज गुरुजींनी शेवंताला डाव्या हातानं अ-आ-ई गिरवताना पकडलं, तिचा हात टेबलावर ठेवायला लावला अन् डस्टरची लाकडी बाजू मारली. एकदा नाही. सानगडीच्या दवाखान्यात कामट्या बांधून आणल्या, पण बोट काही सरळ झालं नाही.

रुखमा शाळेत जाब विचारायला गेली, तर गुरुजी खुर्चीवरून उठलेही नाहीत. भरल्या वर्गासमोर म्हणाले, "बाई, डावा हात कशासाठी असतो, हे आईनं घरीच शिकवायचं असतं. तुम्ही नाही शिकवलं, म्हणून मला शिकवावं लागलं. त्या हातानं सरस्वती लिहितात का?" पोरं फिदीफिदी हसली. सगळ्यांच्या मधे बसलेली शेवंता तेवढी हसली नाही. मायकडे पाहायचीही तिला लाज वाटत होती.

त्या दिवसापासून रुखमाच्या छातीत एक निखारा बसला. ती रांधायची, दळायची, धानाच्या बांधीत राबायची, नवऱ्याशी हसून बोलायची, पण तो विझू द्यायची नाही.

तक्रार करायची सोय नव्हती. गुरुजींचा मेहुणा वर कुठल्याशा हापिसात होता. बदलीचा हुकूम याआधीही आला होता अन् आला तसाच परत गेला होता. हुकूम आला की गुरुजी सरपंचाला हाताशी धरायचे. 'आमचे गुरुजी आम्हालाच पाहिजेत' असा अर्ज व्हायचा, गाव मुकाट अंगठे उठवायचं. गुरुजींना गाव सोडवत नव्हतं, त्याला कारण होतं. इथं राहायला घर फुकट, तांदूळ घरपोच, तळ्याची मासोळी पहिली त्यांच्या दारात. यंदाही हुकूम आला होता, जंगलाच्या कडेच्या बिजाटोल्याचा. तिथं ना एसटी, ना दुकान.

गिलास पडला त्याच दिवशी सांजेला सरपंच पुंडलिकराव दारात आले. सेवकराम, रुखमाचा नवरा, बैलांना चारा टाकत होता. त्यानं लगबगीनं खाट टाकली.

"सेवकराम, गुरुपौर्णिमेले आपल्या गुरुजीचा सत्कार आहे. आदर्श शिक्षक म्हणून! साकोलीवरून शिक्षण खात्याचे नवे साहेब येऊन राहिले. शाल, श्रीफळ, हार, समदं ठरलं. मी भाषणात साहेबाले म्हणणार, का बापा आमचा हिरा आमच्यापासून नेऊ नका. साहेब गावाचा शब्द मोडत नाही."

"चांगलं आहे नं," सेवकराम पुटपुटला.

"त्यात एक काम तुमच्या घराकडे आहे." पुंडलिकरावांनी दाराआडच्या रुखमाकडे पाहिलं. "औक्षण वहिनीच्या हातानं व्हावं, असं गुरुजी म्हणतेत. पोरीच्या बोटाची गोष्ट गावात उगीच चघळली गेली. तिच्याच मायनं ओवाळलं, म्हणजे कोणाच्या मनात काही राहणार नाही. काय वहिनी?"

सेवकरामची मान खाली गेली. रुखमाची नजर चुलीकडे गेली. पोरीचं बोट मोडायचं, वर मायच्याच हातानं आरती ओवाळून घ्यायची! साहेबांसमोर! एक क्षण तिला वाटलं, चुलीतलं जळतं लाकूड घेऊन बाहेर यावं.

ती बाहेर आली, ती डोक्यावरचा पदर नीट करत. "ओवाळीन नं भाऊजी," ती म्हणाली. "गुरुजीचा मान आहे. बायायचं समदं माह्याकडे राहू द्या. तुमी फिकीरच करू नका."

पुंडलिकराव खूश होऊन गेले. सेवकराम बायकोकडे वळला. "रुखमा, खरंच ओवाळशीन?"

"खरंच."

"तुले राग नाही आला?"

"तुमी तेवढी बैलबंडी तयार ठेवा त्या दिवशी. मोठी तट्ट्याची. काहून ते इचारू नका."

दुसऱ्या दिवशी बांधीत रोवणी होती. गुडघाभर चिखलात बाया ओळीनं वाकल्या होत्या, धानाची रोपं चिखलात टोचली जात होती. रुखमानं सत्काराची गोष्ट काढली, तशी ललिताबाई कंबर धरून उभीच राहिली. तिच्या पोराला गुरुजींनी शाळेतून हाकललं होतं. तो आता दुसऱ्याची गुरं राखत होता.

"त्या मुडद्याचा सत्कार? अन् तू ओवाळशीन? सोन्याच्या ताटात काय वं?"

"शालीत खाजकुयरी टाकू," कोणीतरी म्हणालं. बांधीभर हसू पसरलं. "साहेबासमोर नाचन तं मजा येईन!"

"खाज सांजेपर्यंत जाते," रुखमा म्हणाली. "माह्या पोरीचं बोट होते काय सरळ? मले तो खाजवताना नाही पाहायचा. मले तो जाताना पाहायचा आहे."

पलीकडच्या टोकाला सुंदरबाई वाकलेली होती. म्हातारी रोज सकाळी शाळेचा रांजण भरायची. नातू कधीच शिकून गेला, हिचं पाणी भरणं सुटलं नाही. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. सत्कार करायचाच तर त्या शाळेत तिचा करावा, असं रुखमाला नेहमी वाटे. म्हातारी आता मान वर न करता बोलली. "जाईन कसा? त्याले गाव गोड लागलं आहे. हुकूम येते नं जाते."

"मावशी, गुरुजी गावाले निघाले अन् कोणी शिंकलं, तं काय करतेत?"

"माघारी फिरतेत. परवा मांजर आडवी गेली, तं सानगडीचा बाजार सोडला त्यायनं."

"अन् घरून निघताना हातावर दही घेतलं, तं?"

सुंदरबाईचे हात थांबले. दही-साखर हातावर घेऊन निघालेला माणूस माघारी फिरत नाही. फिरला तर घरादाराला भोवतं, हे बांधीतल्या लहान पोरीलाही ठाऊक होतं. अन् गुरुजींइतकं हे मानणारा गावात दुसरा नव्हता. म्हातारी हळूहळू सरळ झाली अन् बोळकं तोंड उघडून हसली. "रुखमे! माय व माय!"

"तुमी बाया फक्त रडा," रुखमा म्हणाली. "पोरीले सासरी धाडताना जशा रडता, तशा. दणकून."

"त्याच्यासाठी?" ललिताबाई फिस्कारली. "पाणी कुठून आणू डोळ्यात?"

"आपल्या पोराले याद कर. येते."

ललिताबाई मग वाकून रोवत राहिली.

गुरुपौर्णिमेला शाळेच्या व्हरांड्यात आंब्याचं तोरण लागलं. गुरुजी नीळ दिलेल्या धोतरात, कपाळाला गंध लावून खुर्चीवर बसले. शेजारी साहेब, नागपूरकडचे, चष्मेवाले, घाम पुसणारे. पुंडलिकरावांच्या खिशातून भाषणाचा कागद डोकावत होता. पुढं चटईवर पोरं. अन् त्यांच्यात शेवंता, डावा हात मांडीखाली घेऊन बसलेली.

शाल झाली, श्रीफळ झालं. "आता सौभाग्यवती रुखमाबाई गुरुजींना ओवाळतील," पुंडलिकराव म्हणाले.

रुखमा ताट घेऊन पुढं आली. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. गुरुजींच्या ओठांवर हसू होतं. साहेबांकडे पाहत ते म्हणाले, "हिची मुलगी माझीच विद्यार्थिनी." रुखमानं ताटातली वाटी उचलली. "गुरुजी, हात."

प्रसाद देते असं वाटून गुरुजींनी उजवा तळवा पुढं केला. तिनं त्यावर दह्याचा घट्ट गोळा ठेवला, वरून चिमूटभर साखर घातली, अन् साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जा गुरुजी, सुखानं जा! आमी अडवत नाही. बिजाटोल्याची पोरं तुमची वाट पाहून राहिली."

गुरुजींचा हात जागीच गोठला.

तोच मागून हंबरडा फुटला. पहिली ललिताबाई रडली. तिचं रडणं खोटं नव्हतं. सारं चटईवरचं पोरबाळ तिच्याकडे वळून पाहायला लागलं. मग साऱ्या बाया. "जा बापा, सांभाळून जा!" म्हणत एकेकजण येऊन गुरुजींच्या पायाशी शिदोरी ठेवू लागली. कोणी पोहे बांधले होते, कोणी वडी, कोणी लोणचं. सुंदरबाईनं पाण्याची भरलेली घागर आणून ठेवली, "वाटेत तहान लागन," म्हणत. अन् फाटकाशी घुंगरं वाजली. सेवकराम बंडी घेऊन उभा होता, बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा.

साहेबांनी चष्मा काढला. ते उठून उभेच राहिले. "मला सांगण्यात आलं होतं, की हे गाव बदली रद्द करा म्हणून अर्ज देणार आहे. आणि इथं मी काय पाहतोय? इतका लाडका शिक्षक, पण जंगलातल्या मुलांना त्याची जास्त गरज आहे, म्हणून हे गाव रडत रडत त्याला निरोप देतंय! मी अशी माणसं पाहिली नाहीत. गुरुजी, तुम्हाला उद्याच मोकळं करतो. बिजाटोल्याला मी स्वतः कळवतो."

टाळ्या वाजल्या. पुंडलिकरावांचा हात खिशातल्या कागदाकडे गेला अन् तसाच परत आला. वारा कुठून वाहतो हे त्यांना पटकन कळायचं. "हिरा आहे साहेब," ते घसा खाकरून म्हणाले, "पण हिरा एका गावानं दाबून ठेवू नये."

गुरुजींच्या तळव्यावर दही पाझरायला लागलं होतं. टाकावं, तर अपशकुन. खावं, तर जावं लागणार. साहेब बघत होते, गाव बघत होतं. कपाळावरचं गंध घामानं ओघळलं. शेवटी त्यांनी तळवा तोंडाला लावला. चाटताना ते रुखमाला एवढंच म्हणाले, दातांतून, तिलाच ऐकू जाईल असं, "मुद्दाम केलंस."

रुखमानं पदर सावरला. "उजव्याच हातानं दिलं नं, गुरुजी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडी निघाली. गुरुजींची ट्रंक, गादी, अन् वर ताठ बसलेले गुरुजी. ते एकदाही मागं वळून बघेनात. वळणं शुभ नव्हतं. रुखमा तळ्याच्या पाळीवर उभी राहून, बंडी सागांच्या झाडीत शिरेपर्यंत पाहत राहिली. छातीतला निखारा तिला जाणवत होता, पण आता तो ऊब देत होता.

घरी येऊन तिनं चुलीवर कढई ठेवली. राखून ठेवलेला गूळ काढला, घरच्या तुपात कणीक खरपूस भाजली अन् शिरा केला. शेवंताला पुढ्यात बसवून ताटली दिली.

"खा. ज्या हातानं खाचं त्या हातानं खा. आता कोणी काही म्हणणार नाही."

पोरीनं इकडे तिकडे पाहिलं. मग डावा हात हळूच वर काढला अन् शिऱ्यात घातला. वाकडं बोट घासाबाहेर राहिलं, पण घास मोठा होता. रुखमा पाहत होती. तिला हसू येत होतं, डोळे भरून येत होते, अन् मनात अजून त्या दह्यानं माखलेल्या तळव्याचं सुख घोळत होतं. असं गोड सुख तिनं आजवर चाखलं नव्हतं.

"माय, गुरुजी आता कधीच नाही येणार?"

"कधीच नाही."

"बिजाटोल्याले शाळा आहे?"

"आहे नं. म्हणून तं गेले."

"पोट्टे आहेत तिथं? माह्याएवढे?"

"असतीनच. शाळा आहे तं पोट्टे राहतीनच."

शेवंतानं हातातला घास ताटलीत परत ठेवला. ती दाराबाहेर, बंडी गेली त्या वाटेकडे पाहू लागली. मग मायकडे वळून तिनं विचारलं,

"त्या पोट्ट्यायनं आपलं काय बिघडवलं होतं वं, माय?"