डबलरोटीची पेटी

"उद्यापासून ब्रेडला तुम्ही हात लावू नका, प्रेमिलाबाई. मागे भांड्यांवर बसा. खिडकीवर रुखमाबाई उभी राहील."

होस्टेलच्या रेक्टर प्रमोदिनीबाई मेसच्या दारात उभ्या होत्या आणि बोलताना प्रेमिलाकडे न बघता साखरेच्या डब्याकडे बघत होत्या. प्रेमिलानं हातातली लोण्याची सुरी खाली ठेवली. कारण विचारायची गरजच नव्हती. पावसाळ्यात तिच्या बोटांवर पांढरे ठिपके उमटले होते आणि दिवाळीपर्यंत दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे झाले होते. हे कोड आहे, ते लागट नसतं, खुशाल काम करा, असं मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. प्रमोदिनीबाईंनाही ते ठाऊक होतं. पण रविवारी एका मुलीची आई भेटायला आली, खिडकीतून स्लाइस देणारे ते हात तिनं पाहिले, आणि ती थेट होस्टेलच्या ट्रस्टींच्या घरी जाऊन आली.

"चिमट्यानं देत जाईन ना बाई," प्रेमिला म्हणाली.

"चिमट्यानं दिलीत तरी पाकिटातून सोडवायची हातानंच ना? माझा इलाज नाही. नोकरी तुमची जात नाही, एवढंच मी पाहिलं."

धरमपेठेतल्या त्या मुलींच्या होस्टेलात प्रेमिलाची उमेदीची वर्षं गेली होती. सकाळी मुली ताटली घेऊन खिडकीसमोर रांगेत येत. कोण घरच्या आठवणीनं रडून आली आहे, कोण पेपरच्या धास्तीनं काही खाणार नाही, हे तिला चेहऱ्यावरूनच कळायचं. यवतमाळची नीला पहिल्या वर्षी नुसता चहा घेऊन पळायची, तिला रागावून खायला लावणारी प्रेमिलाच. भांड्यांची जागा मात्र मागच्या अंगणात, हौदापाशी होती. तिथं कोणी यायचं नाही. राखेनं भगुणी घासताना पुढच्या हसण्याबोलण्याचा आवाज तेवढा ऐकू येई. आपल्या नावानं कोणी विचारतं का, याकडे तिचा कान असायचा. आठवडा गेला, कोणी विचारलं नाही.

घरी तिनं नवऱ्याला लगेच काही सांगितलं नाही. रुपराव नंदनवनातल्या एका कारखान्यात कुलरचं पत्राकाम करायचा. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसे आणि हिवाळ्यात हाताला काम नसे. राखेनं फुटलेल्या तिच्या बोटांना तो खोबरेल लावायला बसला, तेव्हा सगळं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं कापलेल्या डबलरोटीचं एक पाकीट आणलं आणि खायचं सोडून पट्टीनं मोजत बसला.

चार-पाच दिवसांनी त्यानं अल्युमिनियमच्या पत्र्याची एक उभी पेटी तिच्यासमोर ठेवली. वर झाकण, खाली एका स्लाइसपुरती फट आणि बाजूला एक दांडी. पाकिटाचं तोंड कापून वरून उलटं करायचं, की रोटी आत जाई. दांडी दाबली की खालची एक स्लाइस फटीतून बाहेर सरके. हात कशालाच लागत नसे.

प्रेमिला पेटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माहा हात लागू नये म्हनून हे केलं तुमी?"

रुपरावनं पत्र्याची कड उगाच अंगठ्यानं चाचपली.

"लोकायच्या डोक्याले काही मी पत्रा ठोकू शकत नाही वं," तो म्हणाला. "तुले त्या खिडकीवर उभं राह्याचं हाये का नाही, तेवढं सांग."

तिनं दांडी दाबून पाहिली. वरच्या स्लाइसच्या वजनानं खालची चेपली आणि फाटून बाहेर आली. रुपरावचा चेहरा उतरला. तेव्हा तीच म्हणाली, की उभी कशाला ठेवता, जराशी कलती करा, म्हणजे भार येणार नाही. दुसरी पेटी कलती झाली, आणि तिच्यातून स्लाइस सबंध निघाली.

प्रमोदिनीबाईंनी पेटी दोनदा चालवून पाहिली आणि ट्रस्टींना बोलावून दाखवली. झाकण घट्ट, मुंग्या नाहीत, धूळ नाही, कोणाचाच हात नाही. त्यांना ती फार पसंत पडली. पुढच्या सोमवारी प्रेमिला खिडकीवर परत आली. मुलींना तर खेळच मिळाला. मावशी, मला दाबू द्या ना, असं म्हणत त्या गर्दी करू लागल्या. लोणी आता मुली आपापलं लावून घेत. प्रेमिला दांडी दाबायची आणि आपले हात खिडकीच्या काठाच्या आत ठेवायची. तिला हायसं वाटलं होतं हे खरं. पण पूर्वी ती मुलींशी बोलायची, आता पेटीशीच जास्त बोलते, असं रुखमाबाई म्हणायची.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बेकरीतून रोटी अगदी गरम आली. आत वाफ धरली, स्लाइस एकमेकींना चिकटल्या आणि दांडी अडकली. प्रेमिलानं जोर लावला, तर ती वाकली. मागं रांग वाढत होती, आणि मुलींची कॉलेजला जायची वेळ झाली होती. प्रेमिला घाबरी होऊन रुखमाबाईला हाका मारू लागली, पण ती दळणाला गेली होती.

नीला रांगेत पहिली होती. तिनं पेटीचं झाकण उघडलं आणि ताटली पुढं केली.

"मावशी, हातानं द्या."

"नाही वं बाई. मले मनाई हाये."

"आधी देत होता तशाच द्या. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, बोलले नाही." नीलाचा आवाज अगदी हळू होता. "द्या ना. भूक लागली आहे."

प्रेमिलानं आत हात घातला. स्लाइस मऊ होती, अजून कोमट होती. तिनं ती सोडवून नीलाच्या ताटलीत ठेवली. नीलानं लोणीसुद्धा न लावता तिथंच उभ्यानं घास घेतला. मग दुसरी मुलगी पुढं आली, मग तिसरी. दोघी जणी रांगेतून बाजूला झाल्या आणि नुसता चहा घेऊन गेल्या. प्रेमिलानं ते पाहिलं, पण तिचा हात थांबला नाही.

रांग संपली तेव्हा खिडकीसमोर प्रमोदिनीबाई उभ्या होत्या. त्या केव्हा आल्या, तिला कळलं नव्हतं. तिनं हात मागं घेतले. प्रमोदिनीबाईंनी वाकलेल्या दांडीकडे पाहिलं, मग मेसच्या कपाटातून स्वतः एक ताटली काढून आणली आणि काठावर ठेवली. "दोन द्या," त्या म्हणाल्या. "आणि कडेच्या नकोत."

संध्याकाळी रुपराव पेटी न्यायला होस्टेलवर आला. दांडी सरळ करायला कितीसा वेळ लागणार, रात्रीतून करून देतो, असं तो म्हणाला. प्रेमिला म्हणाली, की सणाचं राहू द्या, काही घाई नाही.

घरी जाताना ती बांगड्यांच्या दुकानापाशी रुपरावच्या सायकलवरून उतरली. हातांवर डाग आल्यापासून तिनं नव्या बांगड्या भरल्या नव्हत्या. सणाची गर्दी होती. आपली पाळी येताच तिनं दोन्ही हात कासारणीसमोर धरले. कासारणीनं उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, अंगठा आत दुमडला, बोटांची हाडं हळूहळू दाबत नेली आणि हिरवी बांगडी त्या पांढऱ्या मुठीवरून सरकवत विचारलं, "दुखते काय?"

"नाही," प्रेमिला म्हणाली. "भर तू."