मोठ्याने वाचणाऱ्या बाई

"बाई, मगे? होडी घेवन गेलेलो तांडेल घराक इलो?" सुगंधाने विचारले.

"थांब गो, वाचतंय." रुक्मिणीबाईंनी गोष्टीचे पान उलटले, तेवढ्यात हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले.

मालवणजवळच्या त्या हायस्कुलात रुक्मिणी परुळेकर सोळा वर्षे ग्रंथपाल होत्या. समोर बसलेली दहा वर्षांची सुगंधा जन्मापासून आंधळी. आईबाप मासळीबाजारात, म्हणून आठवीतली बहीण सावित्री तिला शाळेत बरोबर आणायची. १९८४च्या जूनपासून बाई रोज मधल्या सुटीत तिला गोष्ट वाचून दाखवत. ऐकायला इतर मुलेही जमू लागली. पुस्तकाला कधी हात न लावणारी, दोनदा नापास झालेलीसुद्धा.

"ग्रंथालयात मोठ्याने वाचायचं नसतं," हेडमास्तर म्हणाले. "शिवाय या मुलीचं पटावर नाव नाही."

"मग घाला, सर."

"ती शिकणार कशी?"

"बसा पाच मिनिटं. बघा."

हेडमास्तर बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी धोंडू शिपायाने मेमो आणून दिला : लेखी खुलासा करावा. बाईंनी त्याला तिथेच थांबवून दोन ओळी लिहिल्या. 'मुलीला दिसत नाही, म्हणून मोठ्याने वाचले. उद्याही वाचीन.'

धोंडूने कागद वाचला. "बाई, माफी मागून टाका. नोकरी जायत."

"जावंदे."

नोकरी राहिली, ग्रंथालय गेले. किल्ली दुसऱ्याकडे आणि बाई ऑफिसात दाखले लिहायला. पहिल्याच दिवशी मधल्या सुटीत त्या ऑफिसच्या पायरीवर डबा घेऊन बसल्या, तर सावित्री सुगंधाला घेऊन आली. काखेत स्वतःच्या नावावर काढलेले पुस्तक. आठवड्याभरात अकरा मुले आपापली पुस्तके घेऊन पायरीवर येऊ लागली.

मे महिन्यात बाई सुगंधाला आणि तिचा अर्ज घेऊन शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या. पोरीची तोंडी परीक्षा तरी घ्या, म्हणाल्या. अध्यक्षांनी सहज एका गोष्टीवर प्रश्न विचारला. सुगंधाने उत्तरादाखल अख्खी गोष्ट सांगितली. तिचे नाव पाचवीच्या पटावर लागले. ग्रंथालय मात्र बाईंना निवृत्तीपर्यंत परत मिळाले नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या पहिल्या दिवशी पायरीवर बसायला जागा उरली नव्हती. बाईंनी वाचायला सुरुवात केली आणि हेडमास्तरांनी आपल्या खोलीची खिडकी लावून घेतली.

बाईंनी आवाज थोडा चढवला.